हे रेल्वेचं नव्हे, माझं

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, वडिलांचं खिशातलं घड्याळ आहे. पाठीवर धूर सोडणारं वाफेचं इंजिन, तबकडीवर इंग्रजीत ‘रेल्वे रेग्युलेटर’ आणि अगदी खाली बारीक अक्षरांत ‘स्विस मेड’. वडील रेल्वेत गार्ड होते. त्यामुळे आम्हा भावंडांचं लहानपणीच ठरून गेलं होतं की, हे घड्याळ स्वित्झर्लंडात खास रेल्वेसाठी बनलं आणि कुणा गोऱ्या साहेबानं खूश होऊन वडिलांना दिलं. शाळेत मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की ती मलाच खरी वाटायला लागली. वडील एवढंच म्हणायचे, “हे रेल्वेचं नव्हे रे, माझं आहे.” आम्हाला वाटायचं, बक्षीस मिळालं म्हणून ‘माझं’.

यंदा सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. रौप्यमहोत्सवानिमित्त खालच्या हॉलमध्ये घरोघरच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरलं, तेव्हा कमिटीनं हे घड्याळ मागून घेतलं. त्याच्यासाठी कार्डही छापून तयार झालं : ‘ब्रिटिश काळातील रेल्वेचे ऐतिहासिक स्विस घड्याळ’. कार्ड वाचलं आणि म्हटलं, मांडायचंच आहे तर चालू करून मांडू. म्हणून स्टेशनजवळच्या आपल्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्यानं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि शांतपणे म्हणाला, “काका, हे रेल्वेचं नाही. इंजिन नुसतं झाकणावर आहे.”

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे ऐकणं जड जातं. घरी आलो आणि दोन-तीन महिने मिळेल ते वाचत बसलो. वडिलांचं वाक्य मला आत्ता कुठे समजलं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी रेल्वेला घड्याळाची एवढी निकड का होती ते पाहू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. तोवर आपल्याकडे वेळ म्हणजे सूर्य. घटिका-पळांचा हिशेब, लग्नाला पाण्यातलं घटिकापात्र, एरवी सावली बघायची. प्रत्येक गावाची वेळ वेगळी आणि त्यानं कुणाचं अडत नव्हतं. पृथ्वीला रेखांशाचा एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. त्यामुळे मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळेत तासाभराहून थोडा जास्तच फरक पडायचा. बैलगाडीला त्याचं काय? पण आगगाडीला एका वेळापत्रकावर दोन वेळा चालत नाहीत. म्हणून रेल्वे आणि तारखात्यानं मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या पुढे साधारण अर्धा तास. म्हणजे गावातल्या घड्याळात पाच वाजले की स्टेशनात साडेपाच!

१ जानेवारी १९०६ पासून सरकारनं साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे होती. मुंबईकरांना ते रुचलं नाही. गिरणी कामगारांनी काम थांबवलं, सभा झाल्या, अर्ज गेले, आणि शहराच्या व्यवहारात ‘मुंबई टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून राहिला. माझ्या आई-वडिलांच्या लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ छापलेलं आहे, ते उगाच नाही. आपल्या वार्षिक सभेला गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकुबी मिळते आणि खरी सुरुवात आणखी नऊ-दहा मिनिटांनी होते. त्यावरून मला तर वाटतं, आपली सोसायटी अजून मुंबई टाइमवरच चालते.

तर, गाडीबरोबर वेळ घेऊन फिरणारा माणूस हवा आणि त्याच्या खिशात भरवशाचं घड्याळ हवं. १९०० सालापर्यंत भारतातल्या लोहमार्गांची लांबी सुमारे ४० हजार किलोमीटरवर गेली होती. एवढ्या गाड्या, एवढे गार्ड, ड्रायव्हर, स्टेशनमास्तर. ही घड्याळं पुरवायची कुणी?

इंग्लंडची घड्याळं नावाजलेली होती, पण हातानं बनायची आणि महाग पडायची. अमेरिकेत यंत्रांवर, एकाच मापाच्या सुट्या भागांची घड्याळं निघू लागली. १८७६ ला फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ती पाहून स्वित्झर्लंडच्या माणसांची झोप उडाली. लाँजीन कारखान्याचे इंजिनिअर जॅक डेव्हिड तिथले कारखाने बघून आले आणि त्यांनी घरच्यांना बजावलं, बदला, नाहीतर संपलात. तोवर स्विस घड्याळाचा बराचसा भाग ज्युरा डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या घरी बनायचा. बाहेर बर्फ आणि खिडकीशी टेबल. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथे कारखाने आणि यंत्रं आली, आणि चांगलं घड्याळ बेताच्या किमतीत निघू लागलं.

आणि ते थेट आपल्या मुंबईत आलं. फाव्र-ल्यूबा हे नाव आपल्या पिढीला मनगटी घड्याळामुळे ठाऊक आहे. त्या घराण्यानं १८६५ च्या सुमाराला हिंदुस्थानात व्यापार सुरू केला. १८८६ साली मुंबईत आणखी एका स्विस पेढीनं पाय रोवले, तीच पुढे ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ म्हणून नावारूपाला आली. नाव इंग्रजी, दुकानं मुंबई आणि कलकत्त्यात, घड्याळं मात्र स्वित्झर्लंडच्या सां-इमिए गावाकडची. त्यातली बरीच लाँजीनच्या कारखान्यात बनलेली. ‘क्वीन ॲन’, ‘सेकंडस’, ‘मॅचलेस’ आणि फौजेतल्या घोडेस्वारावरून ‘सोवार’, म्हणजे आपला ‘स्वार’, अशी त्यांची नावं. लष्कर, रेल्वे, तारखातं हे त्यांचं गिऱ्हाईक.

खरं रेल्वेचं घड्याळ दिसायला अगदी साधं असे. पांढरी मिन्याची तबकडी, तिच्यावर ठसठशीत काळे आकडे, कंदिलाच्या उजेडातही दिसतील असे जाड काटे आणि सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी. डबी निकेलची. चांदीची केली तर चोरीला जायची! कुठेतरी त्या रेल्वेची आद्याक्षरं आणि एक नंबर. हा नंबर महत्त्वाचा, कारण घड्याळ कंपनीची मालमत्ता आणि ते कुणाकडे आहे याची नोंद रजिस्टरात. चित्रबित्र बहुधा नसायचंच.

खरी करामत आत. घड्याळाचं चाक सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. चाकाला आळीपाळीनं अडवणारी-सोडणारी जी कळ असते तिच्या टोकांना माणकं बसवलेली असतात, म्हणून ती झिजत नाही. ‘पंधरा ज्वेल’ म्हणतात त्यात हीही माणकं येतात. आठवड्याला तीस सेकंदांपेक्षा जास्त चूक नको, असा दंडक अमेरिकेतल्या रेल्वेनं घालून दिला होता. तिथे १८९१ साली ओहायो राज्यात किप्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, असं निघालं. तीस सेकंद म्हणजे दिवसाला जेमतेम चार. ८६,४०० सेकंदांत चार! आपल्याकडच्या उन्हात हे आणखी कठीण, कारण उष्णतेनं केसाएवढी बारीक स्प्रिंग सैल पडते आणि घड्याळ मागे जातं. यावरचा उपाय ज्यांनी काढला ते शार्ल एद्वार गियोम स्वित्झर्लंडमधल्या घड्याळजीचेच चिरंजीव. उष्णतेला दाद न देणारे निकेल-पोलादाचे मिश्रधातू त्यांनी शोधले आणि त्यासाठी १९२० चं पदार्थविज्ञानाचं नोबेल त्यांना मिळालं.

ही घड्याळं फक्त आपल्याकडेच आली असं नाही. आशियात जिथे रूळ गेले तिथे ती गेली. इस्तंबूलच्या आशियातल्या काठावर हैदरपाशा स्टेशन आहे. तिथून निघालेली रेल्वे १८९२ साली अंकाराला पोचली. तुर्कांचा दिवस सूर्यास्ताला सुरू व्हायचा. सूर्य मावळला की घड्याळात बारा. सूर्यास्त रोज थोडा सरकतो, म्हणून घड्याळही रोज लावायचं. अशा मुलखात सर्किसॉफ नावाच्या पेढीनं स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावाहून घड्याळं बनवून आणली. ज्या कारखान्यात ती बनली तोच पुढे ‘झेनिथ’ झाला. तबकडीवर तिकडचे अरबी वळणाचे आकडे आणि पाठीवर इंजिन. पुढे ‘सर्किसॉफ’ म्हणजे रेल्वेवाल्याचं घड्याळ असंच तिथले लोक म्हणू लागले. नवं प्रजासत्ताक आल्यावर १९२६ पासून सूर्यास्ताची वेळ गेली आणि झेनिथच्या तबकडीवर तुर्की सरकारी रेल्वेची अक्षरं आली.

उत्तरेला सैबेरिया. १८९१ साली सुरू झालेला तो मार्ग इतका लांब की मॉस्को आणि व्लादिवोस्तोक यांच्यात सात तासांचा फरक. रेल्वेनं मात्र सगळीकडे राजधानीचीच वेळ ठेवली. स्टेशनाबाहेर संध्याकाळ आणि फलाटाच्या घड्याळात सकाळ, असा प्रकार २०१८ पर्यंत चालू होता. रशियातली नावाजलेली घड्याळं पावेल बुरे आणि हाइनरिक मोझर यांची. नाव रशियात गाजलं, पण यंत्र ल लोक्लचं. क्रांती झाली, झार गेला, तरी सोव्हिएत रेल्वे खात्याची अक्षरं असलेली मोझरची घड्याळं निघतच राहिली.

जपाननं आपला मार्ग निराळा काढला. तिथेही आधी परदेशी घड्याळंच होती. १९२९ साली त्यांच्या रेल्वे मंत्रालयानं सेइकोशा कारखान्याचं स्वतःचं घड्याळ मान्य केलं, तेव्हापासून ते घरच्या घड्याळावर चालू लागले. जपानी गाडीच्या चालकापुढे खिशातलं घड्याळ ठेवायला गोल खाच केलेली असते, ती त्या काळापासूनची परंपरा.

मग आमच्या डब्यातलं घड्याळ कुठलं? त्याची गोष्ट निराळी आहे, आणि मला ती जास्त आवडली. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोफ नावाचा ला शो-द-फों इथला घड्याळवाला होता. कामगाराला परवडेल असं घड्याळ करायचं, हा त्याचा ध्यास. १८६७ साली त्यानं ते वीस फ्रँकला बाजारात आणलं. सुटे भाग सत्तावन्न, माणकांच्या जागी पोलादी पिना, डबी हलक्या धातूची. पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला पदकही मिळालं. पुढे त्याच्या रचनेच्या असंख्य नकला निघाल्या. त्या विकायच्या कशा? तर रेल्वे म्हणजे वक्तशीरपणा, मग काढा पाठीवर इंजिन आणि लिहा ‘रेल्वे रेग्युलेटर’! अशी घड्याळं आशियाभर हातोहात खपली. झाकणावरून काही ठरत नाही. सर्किसॉफच्या पाठीवरही इंजिन आणि आमच्या घड्याळाच्या पाठीवरही इंजिन. खरं काय ते झाकण उघडल्यावर कळतं.

आमच्या घड्याळात पिना निघाल्या. म्हणजे ते साहेबानं दिलेलं नव्हे. १९४९ ला नोकरी लागल्यावर वडिलांनी आपल्या पगारातून घेतलेलं. आई हयात असताना म्हणायची, “पहिल्या पगारात साडी आणायची तर हे टिकटिक घेऊन आले.” आम्ही ते कधी मनावर घेतलं नाही, कारण आमची साहेबाची गोष्ट जास्त छान होती.

रेल्वेचं खरं घड्याळ वडिलांकडे होतंच. साधं, निकेलचं, नंबर घातलेलं. ड्युटीच्या कोटाच्या आतल्या खिशात, काळ्या दोरीला बांधलेलं. त्याला आम्हाला हात लावू देत नसत. रेल्वेच्या नियमाप्रमाणे रोज दुपारी चार वाजता प्रमाणवेळ सगळ्या मुख्य स्टेशनांना कळवली जाते. गाडी सुटण्याआधी गार्ड स्टेशनच्या घड्याळावरून आपलं घड्याळ लावतो आणि ती वेळ ड्रायव्हरला सांगतो. ड्रायव्हर त्याप्रमाणे आपलं लावतो. वडील ड्युटीवरून आले की हातपाय धुवायच्या आधी ते घड्याळ काढायचे आणि खुंटीवरच्या या इंजिनवाल्याला त्याच्याबरोबर लावायचे. ते दिवसाला चार-पाच मिनिटं मागे पडायचं. पण रोज लावल्यामुळे आमच्या चाळीत त्याच्याइतकं बरोबर घड्याळ दुसरं नव्हतं. शेजारच्या काकू नळाची वेळ विचारायला आमच्याकडे यायच्या.

आता जी गोष्ट सांगायची होती ती. आपल्याकडे दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात त्या टप्प्याचा गोळा असल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. त्यामुळे किप्टनसारखा सगळा भार घड्याळावर नसायचा. घड्याळ असायचं साक्षीला. प्रत्येक स्टेशनाला गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली आणि उशीर कुणामुळे, इंजिनामुळे, सिग्नलमुळे की आणखी कशामुळे, हे गार्डनं आपल्या रोजनाम्यात लिहायचं. त्यावरून मग वरिष्ठ जाब विचारायचे. त्या एका ओळीसाठी माणसं हुज्जत घालायची.

एकदा घाटाखालच्या एका छोट्या स्टेशनावर वडिलांनी शिट्टी दिली, आणि तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावर बोचकं आणि काखेत नातू घेऊन फलाटाच्या टोकाकडून धावत येताना दिसली. वडिलांनी हिरवा बावटा खाली धरला. म्हातारी चढली. दोन मिनिटं गेली. पुढच्या स्टेशनावर ड्रायव्हर येऊन म्हणाला, “लिहू नका काही. उतारावर भरून काढतो.” खरोखरच त्यानं ती भरून काढली, गाडी वेळेवर पोचली. तरी वडिलांनी रोजनाम्यात लिहिलं : दोन मिनिटं, गार्डमुळे. त्यावर त्यांना खुलासा मागितला गेला. आई चिडली, “गाडी वेळेवर गेली ना? मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला?” वडील म्हणाले, “मी थांबवली, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ती थांबलीच नाही असं मी कसं लिहू? घड्याळानं बघितलंय.”

१९८४ साली ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी बावटे, शिट्टी, हातदिवा आणि घड्याळ असं सगळं जमा केलं, पावती घेतली. घरी आले तेव्हा सवयीनं हात कोटाच्या खिशात गेला आणि तसाच बाहेर आला. त्या रात्री खुंटीवरचं घड्याळ त्यांनी रेडिओच्या बातम्यांवर लावलं. तोवर दिवसही पालटले होते. आयातीवरच्या बंधनांमुळे स्विस घड्याळं दुर्मिळ झाली होती, १९६१ पासून बंगलोरची एचएमटी घरोघर पोचली होती, आणि जपानी क्वार्ट्झनं खुद्द स्वित्झर्लंडचे कारखाने हवालदिल केले होते. २०२२ पासून तर ‘गार्ड’ हे नावही गेलं. आता ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात.

सोसायटीत राहायला आलो तेव्हा वडील पंचाहत्तरीच्या आसपास होते. जुन्या सभासदांना आठवत असेल, पहिली दोन-तीन वर्षं पाण्याचा पंप कधी चालू, कधी बंद, यावरून रोज भांडणं व्हायची. त्या काळात पंपाच्या खोलीत वही टांगून चालू-बंदची वेळ लिहायला वॉचमनला कुणी शिकवलं, ते आता सांगतो. ती वही अजून चालू आहे. परवा चाळली. पहिल्या पानांवर वडिलांच्या अक्षरात नोंद आहे : ‘सकाळी ७ मिनिटे उशीर. माझ्यामुळे. किल्ली माझ्याकडे राहिली.’

घड्याळवाल्यानं घड्याळ चालू करून दिलंय. अजूनही दिवसाला पाचेक मिनिटं मागे पडतं, तो म्हणाला, “यापेक्षा जास्त अपेक्षा नको, काका.” प्रदर्शनात ते दारातून शिरल्यावर डाव्या हाताच्या टेबलावर असेल. मुलांनी हातात घेतलं तरी चालेल. पडलं तर पडलं, ते त्यासाठीच बनलं होतं. कार्ड मात्र मी सेक्रेटरींना सांगून बदलून घेतलं आहे. थोडा आग्रह झाला, जुनं कार्ड भारदस्त होतं म्हणे. नव्या कार्डावर एवढंच आहे : ‘एका गार्डने स्वतःच्या पैशाने घेतलेले घड्याळ. रेल्वेचे नव्हे.’

उद्घाटन सहा वाजता आहे. स्टँडर्ड टाइम.